डहाळी हिरवी होती

"ऊठ बे बुढ्या. वास बसते खुर्चीले."

मत्स्यसंस्थेच्या अध्यक्षांनी हे तलावाच्या पाळीवर, अधिकाऱ्यांच्या देखत म्हटले. मी उठलो. खुर्ची धुण्यात आली. तलावाच्याच पाण्याने. नंतर त्या मंडळींनी मी धरलेले मासे बोटे चाटून खाल्ले. तेव्हा वास कोणालाच आला नाही.

मी भोई. मॅट्रिकपर्यंत शिकलो, हयात पाण्यावर काढली. संस्थेचा उपविधी सांगतो : सभासद तोच, ज्याचे पोट मासेमारीवर. पण कापसाने दगा दिला तशी मोठ्या शेतकऱ्यांची नजर तलावाकडे वळली. सभासद ते झाले. आम्ही मजूर.

त्या दिवशी मत्स्यबीज सोडण्याआधी तलाव 'स्वच्छ' करायचा होता. म्हणजे आतल्या माशांनी बीज खाऊ नये म्हणून मोहाची विषारी ढेप टाकून त्यांना मारायचे. काठाच्या बेशरमीच्या झुडपांत मरळ माशाची लाल पिल्ले दिसली होती. पिल्ले दिसली की आमच्या बाया तिथे पळसाची डहाळी रोवतात. ती वाळेपर्यंत त्या कोपऱ्यात जाळे पडत नाही. मरळ पिल्ले राखत असते.

मी म्हणालो, "साहेब, ढेप नका टाकू. बीज आधी जाळीत वाढवू, मोठं झालं का सोडू."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष हसले. "याले काय इचारता? याचं काम डोंगा हाकाचं. चाल बुढ्या, भर ढेप."

सोबत कामाला आलेली वहिनी कानाशी पुटपुटली, "भाऊजी, टाकून द्या ना. उद्यापासून काम नाही देतीन हे."

मी पोते उचललेसुद्धा. खांद्यावर घेतले. समोर डहाळी होती. पोते खाली ठेवले.

"मी नाही टाकत."

"काहून बे?"

"डहाळी हिरवी हाये."

पाळीवर हशा पिकला. ढेप दुसऱ्यांनी टाकली. सकाळी मरळी पोट वर करून तरंगत होत्या. वहिनीने डहाळी उपटली. आमचे काम त्याच दिवशी बंद झाले.

त्यानंतर अर्ज लिहीत आलो आहे. तालुक्याला, जिल्ह्याला. उत्तर एकच : उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित. हात दुखतो. डोळे थकले.

तरी संस्थेच्या येत्या सभेला मी जाणार. खुर्चीवर बसणार. आम्हा भोयांना सभासद का करत नाही, याचे कारण लेखी मागणार. दिले नाही तर निबंधकांकडे, तिथून न्यायालयात. डोंगा दारात उलटा घातला आहे. मजुराचा म्हणून तो पुन्हा पाण्यात उतरणार नाही.