आवाज बंद, गाडी फिट

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरात होती. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, रँक नायक. आमच्याकडे बारा तीन-टनी ट्रक होते आणि पुढच्या चौक्यांना रेशन अन् रॉकेल पोचवायचं काम होतं. रोज सकाळी सहाला फर्स्ट परेड. ही परेड माणसांची नव्हे, गाड्यांची. ड्रायव्हरने आपल्या गाडीचं तेल, पाणी, टायर बघायचे आणि काही खटकलं तर डायरीत लिहायचं. त्या प्रत्येक ओळीपुढे मेकॅनिकने उत्तर लिहून सही करायची. साडेसातला कॉन्व्हॉय सुटायचा.

गाडी नंबर चारचा ड्रायव्हर शिपाई गौतम वाघमारे. तो भोकरचा, मी मुरुडचा. एवढ्या लांब गेल्यावर भोकर आणि मुरुड एकाच गल्लीत येतात. तो मला भाऊ म्हणायचा आणि माझ्या घरून आलेली शेंगांची चटणी हक्काने संपवायचा. गाडीत तो गाणं म्हणायचा नाही, दुसऱ्यालाही म्हणू द्यायचा नाही. गाडीचं बोलणं ऐकू येत न्हाई, ही त्याची तक्रार. तुझं लग्न या ट्रकशीच लावून देऊ, असं मी त्याला चिडवायचो.

एका सकाळी त्याने डायरीत लिहिलं, 'डावीकडे पूर्ण वळवताना पुढून कटकट आवाज.' सात वाजून गेले होते. अशा वेळी पुढचं चाक जॅकवर उचलायचं आणि दोन्ही हातांनी हलवून बघायचं. पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा जो दांडा, तो टाय रॉड. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला असेल तर तिथेच कळतं. या कामाला अर्धा तास लागतो. मी ग्रीस गन घेतली, चार पंप मारले आणि त्याला मैदानात दोन चकरा मारायला लावल्या. आवाज गेला. मी लिहिलं, 'आवाज बंद, गाडी फिट.' खाली सही केली.

"भाऊ, खोलून बघायचं का?" त्याने विचारलं.

"आल्यावर बघू," मी म्हणालो.

अकरा वीसला वायरलेसवर निरोप आला. गाडी नंबर चार वळणावरून खाली गेली. ड्रायव्हर एकटाच होता.

दुपारी रिकव्हरी पार्टीबरोबर मी दरीत उतरलो. रॉकेलने सगळं जळालं होतं, डायरीसुद्धा. टाय रॉडचं टोक मात्र मला दिसलं. बॉल खोबणीतून निसटला होता आणि एका बाजूने पार झिजला होता. चौकशीत तो जॉइंट पडताना तुटला असं धरलं गेलं. वळणावर वेग जास्त, ड्रायव्हरची चूक, असा शेरा बसला. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी भ्यालो होतो.

मी हवालदार होऊन पेन्शनवर आलो तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेब नवे, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, पण पावसाचा पत्ता नव्हता. पाण्याच्या टँकरांच्या दुरुस्तीवर मला घेतलं. एका सकाळी उदगीरचा ड्रायव्हर बसप्पा आला आणि म्हणाला की काल वळताना पुढे ठकठक वाजत होतं. मुरुडकडच्या एका वाडीला पाणी जायचं होतं. टाकी अजून रिकामी होती. मी टँकर तसाच उभा केला.

कचेरीतून तीनदा निरोप आला. वाडीवरच्या बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. मी पुढचं सगळं खोललं. बॉल जॉइंट, किंगपिन, बेअरिंग, सगळं ठणठणीत. दुपारी दोनला परत बसवलं, टाकी भरली, बसप्पाला गाडी हळू वळवायला सांगितली आणि बाजूने चालत गेलो. आवाज पुढचा नव्हताच. टाकी चासीला आवळणारा पट्टा ढिला होता. वळताना पाणी एका अंगाला गेलं की टाकी सरकायची आणि तो ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली वाजायचा. दोन बोल्ट आवळले, दहा मिनिटं लागली. भरल्या गाडीचा आवाज मी रिकाम्या गाडीत शोधत बसलो होतो. वाडीला पाणी चारला पोचलं.

वाडीवरून परतल्यावर बसप्पाने विचारलं, एका आवाजासाठी एवढं कशापायी खोललं? नऊ वर्षांत पहिल्यांदा मी ते कोणाला तरी सांगितलं.

तो म्हणाला, "हे त्याच्या घरी ठाव हाय का?"

रविवारी मी भोकरला गेलो. गौतमचे वडील शाळेत शिपाई होते. आधी दोनदा मी त्यांच्याकडे जाऊन नुसता चहा पिऊन परतलो होतो. या वेळी जयभीम घातला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डायरी, ग्रीस, सही, झिजलेला बॉल.

"त्यानं लिवलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो. स्वतःच्या हातानं."

"अन् खोलायचं का म्हून इचारलंबी?"

"विचारलं. मीच नको म्हणालो."

त्यांनी पेटीतून चौकशीचा कागद काढला. घड्यांवर फाटलेला होता. तो बघत म्हणाले, "नऊ वर्सं झाले, मी मनात त्यालाच बोल लावून राहिलो. आपल्याच पोरानं गाडी नीट चालवली न्हाई म्हून." मग शाळेची वही पुढे केली. "लिवून द्या."

मी लिहिलं. शिपाई गौतम वाघमारे याने गाडीचा आवाज वेळेवर कळवला होता. मेकॅनिकने खोलून पाहिलं नाही. गाडी त्यामुळे गेली. खाली नंबर, रँक, नाव घातलं आणि सही केली.

बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गौतमचा युनिफॉर्ममधला फोटो होता. वडील त्याच्यासमोर उभे राहिले आणि माझा कागद एकेक शब्द लावून मोठ्याने वाचला. मग फोटोला म्हणाले, "चुकलं रे बाबा माझं."

मी त्यांच्या मागे सावधानमध्ये उभा होतो. तेच शब्द मग मी म्हणालो.