टाकी खाली, पंप वर

बाबांनी सारी हयात कूलर बनवले. लोहाऱ्याच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. पत्रा वाकवायचा, गवताच्या ताट्या भरायच्या, खाली टाकी, टाकीत पंप, आणि पंपानं पाणी वर चढवायचं. आता दुकान बंद आहे, त्यांचे गुडघे गेलेत आणि आईही गेली. घरात ते आणि मी. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर बनवते. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती ती एकाच अटीवर, काम वेळेत आलं पाहिजे.

आता वेळेत यायला कॉम्प्युटर चालू तर राहिला पाहिजे! यवतमाळच्या मे महिन्यात तो मेला दुपार व्हायच्या आत तापून आपोआप बंद पडायचा. चित्र अर्ध्यावर आणि स्क्रीन काळी. मी टेबलावर हात आपटायची. बाबा पलीकडच्या खोलीतून म्हणायचे, "काहून आदळआपट करून राह्यली वं? कूलर लावून दे त्याले."

मला हसू येत नव्हतं, कारण करायचं तेच होतं. कॉम्प्युटर पाण्यानं गार ठेवायची सोय मिळते. पंप, नळ्या, पाणी थंड करणारी जाळी आणि पाण्याची एक उभी, आरपार दिसणारी टाकी. मी सगळं मागवलं. हा उन्हाळा निघाला तर मी इथंच राहणार होते. नाही निघाला तर मी पुण्याला आणि बाबा या घरात एकटे. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

खोकं आलं तसे बाबा उठून बसले. एकेक भाग पलंगावर मांडला, टाकी उजेडात धरून पाहिली. "हे त कूलरच हाय, माय!" किती दिवसांनी त्या माणसाच्या तोंडावर मी हसू पाहिलं. टाकी मीच बसवतो म्हणाले. मी म्हटलं बसवा, पण टाकी वर आणि पंप तिच्या खाली, पाणी आपसूक पंपात उतरलं पाहिजे. बॅटरीला घालतात ते शुद्ध पाणी एक कॅन होतं, ते पुरेलसं दिसेना. दुसरा कॅन आणायला मी स्कूटी काढून दत्त चौकात गेले.

परत आले तर दारातच आवाज कानावर आला. खडखड, कोरडा. आत बाबा खाली बसून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंपाला हलके हलके ठोकत होते. टाकी अगदी तळाला, पंप वर.

"बंद करा!" मी किंचाळलेच. "कोरडा चालला की मरतो तो!"

"थांब जराशी. धरते पाणी. कूलरचा पंप बी सुरुवातीले असाच खडखडते, ठोकलं का धरते."

मी बटण बंद केलं. पुन्हा लावून पाहिलं तर पंप हूं की चूं करेना. संपला होता.

"टाकी वर लावा म्हटलं होतं ना मी तुम्हाला?"

"म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "पण एवढं महागाचं मशीन, अन् त्याच्या डोक्यावर पाणी? टाकी म्हटली का गळतेच वं, आज नाई त उद्या. खाली गळली त तुह्या मशीनले काई नाई होणार, म्हणून खाली लावली."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटत होतं, आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

नवा पंप यायला आठवडा लागणार होता. तोवर माझं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं. कंपनीतल्या मॅडम फोनवर गोड बोलल्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरून जमत नाही हे आता दिसलंच आहे, म्हणाल्या, एक तारखेपासून ऑफिसात ये. बाबांना म्हटलं, चला माझ्यासोबत, पुण्यात चौथ्या मजल्यावर खोली मिळतेय. "थ्या चौथ्या मजल्यावर मी काय भिंती पाहात बसू?" म्हणाले. गुडघे असे, आणि त्या इमारतीची लिफ्ट कधी चालते, कधी नाही. मलाही पुढं रेटता आलं नाही.

पंप आला तेव्हा माझी बॅग भरून झाली होती. तरी बाबांनी तो बसवला. या वेळी टाकी वर. कूलरच्या कामातली रबराची वायसरं शोधून काढली, टाकी ओळंब्यात आहे का ते चारदा पाहिलं. पाणी सरसर खाली उतरलं, बुडबुडे वर गेले, थेंबही गळला नाही. मी मुद्दाम जड काम लावलं. बाहेर भट्टी पेटलेली, आणि मशीन गार. बाबांनी त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाई तापत आता. आता त जायाचं काम नाई नं?"

"बाबा, काम गेलं इथलं. आता हे चाललं काय अन् नाही चाललं काय."

"पण चालते नं," ते म्हणाले. मशीनवरून हात फिरवत परत म्हणाले, "चालते त हाय."

मी पुण्यात आहे. ऑफिसात मशीनं आहेत, माझं यवतमाळलाच राहिलं. बाबा रोज दुपारी फोन करतात. कूलर पडून राहिला की पंप जाम होतो, म्हणून ते रोज माझा कॉम्प्युटर लावतात, पाणी फिरू देतात आणि समोर खुर्ची टाकून बसतात. "आज बी चालवलं," म्हणतात. "थंडगार हाय. कधी येतं तू?" मी म्हणते, येते लवकर. मी परत राहायला येणार नाही. ते त्यांनाही कळलंय, आणि तरी उद्या दुपारी ते मशीन लावतीलच.