पाचवी गाठ

पहिली गाठ धाकटीच्या जन्मानंतर एकोणिसाव्या दिवशी आली. डाव्या छातीला, खालच्या बाहेरच्या अंगाला, सुपारीपेक्षा थोडी मोठी. सकाळी तिला पाजून खाली ठेवलं आणि ब्लाऊजचे हुक लावताना ती बोटांना लागली. दाबली तर दुखली. हुक तसेच सोडून मी पलंगावर बसून राहिले.

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. थोरली मुलगी अकरावीत, आणि ही धाकटी तिच्यानंतर सोळा वर्षांनी झालेली. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असेल, पण जे होतं ते आकड्यांत लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाळाला कितीला पाजलं, कोणत्या बाजूनं, किती मिनिटं, लंगोट किती ओले झाले, हे सगळं एका वहीत लिहीत होते. त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर नवा रकाना आखला आणि लिहिलं : गाठ १, सकाळी ८.१०.

बाळंतपण करायला सासूबाई आंजीहून सिंदी मेघेला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी चाचपलं आणि हसल्या.

"काई नाई वं. दुधाची गाठ हाय. साऱ्याईले होते."

त्यांना धीरच द्यायचा होता. पण हे शब्द मी आधी ऐकलेले होते.

माझं माहेर तळेगावचं. मी बावीस वर्षांची असताना एकदा आईचं अंग चोळून देत होते, तेव्हा तिच्या छातीत मला गाठ लागली. मी विचारलं. ती म्हणाली, "तुह्या भावाच्या वक्ताची दुधाची गाठ हाय ते. राह्यली तशीच." भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतरा वर्षं दूध छातीत राहत नाही, एवढा हिशेब मला तेव्हा करता यायला हवा होता. मी केला नाही. आईनं पुढे आणखी अकरा महिने कुणाला काही सांगितलं नाही. पदर घट्ट ओढून घेऊन ती घरातली, शेतातली सगळी कामं करत राहिली. सांगितलं तेव्हा काखेतही पसरलं होतं. ती गेली तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

त्यामुळे 'दुधाची गाठ' म्हटलं की इतर बायकांना धीर येतो, मला येत नाही.

ती पहिली गाठ छत्तीस तासांनी विरघळली. गरम पाण्याच्या फडक्यानं शेक दिला, सासूबाईंनी लाकडी फणी वरून खाली फिरवली, मग तळहाताच्या टाचेनं दाबून दाबून चोळलं. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा-निळा डाग पडला, पण गाठ गेली. वहीत 'गेली, ३६ तास' असं लिहिलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसरी तिसाव्या दिवशी आली, त्याच जागी. या वेळी कुणीतरी पत्ताकोबीची पानं बांधायला सांगितली. दिरांनी शेतातून तीन गड्डे पाठवले. सासूबाई ते ओट्यावर मांडून म्हणाल्या, "दोन भाजीले, एक तुले."

नवरा चहा घेत होता. म्हणाला, "कोणता कोनाचा, ते ध्यानात ठेवजो म्हंजे झालं."

मीही हसले. ही गाठ अठ्ठावीस तासांत गेली.

पण ती परत येते, याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर सासूबाईंकडे तयार होतं. त्यांचा सारा जन्म भाजीपाल्याच्या ओलितात गेला. त्या म्हणाल्या, "आमची विहीर पाह्यली ना तू? एक उन्हाळा उपसली नाई, तं झरे गाळानं बुजले. उपसा चालू राह्यला पाह्यजे. लेकरू पिऊन झालं का उरलेलं काढून टाकत जा. थेंब ठेवू नको."

मला हे एकदम पटलं. शिल्लक राहिलेलं दूध साकळतं, म्हणून गाठ होते. म्हणजे बाकी शून्य ठेवायची. शिवाय रजा संपल्यावर मी रोज साडेसात तास घराबाहेर असणार होते. त्या वेळात तीनदा दूध, प्रत्येक वेळी शंभर मिली. चाळीस दिवसांचा साठा धरला तर बारा लिटर. दोन्ही कामं एकदम होत होती. विजेवर चालणारा पंप आणला आणि प्रत्येक पाजण्यानंतर, दिवसातून पाच वेळा, शेवटचा थेंब येईपर्यंत दूध काढू लागले. पिशवीवर तारीख आणि आकडा लिहून ती फ्रीजरमध्ये ठेवायची.

पहिल्या दिवशी सगळं मिळून एकशे ऐंशी मिली निघालं. दहा दिवसांनी तीनशेचाळीस. आकडा वाढला की मला बरं वाटायचं. सासूबाईंनाही वाटायचं. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, सगळं चालू होतं. पिशवी उजेडात धरून त्या म्हणायच्या, "माय वं, गाय बरी म्हनाव लागते." फ्रीजरमध्ये मटाराला जागा उरली नाही. एकसष्टाव्या दिवशी बारा लिटर भरले, आणि तरीही मी थांबले नाही. तेव्हा दिवसाचं सहाशेदहा मिली निघत होतं. इतका चांगला आकडा खाली आणायचा, हे माझ्या मनातही आलं नाही.

गाठी मात्र येतच राहिल्या. तिसरी एक्केचाळिसाव्या दिवशी, ती चाळीस तास राहिली. चौथी त्रेपन्नाव्या दिवशी, एकतीस तास. चारींची सरासरी पावणेचौतीस तास. हा आकडा मी पाठ करून ठेवला होता. गाठ आली की मी घड्याळ बघायची आणि पावणेचौतीस तासांनंतरची वेळ मनात धरायची. तोवर श्वास धरून राहता येत होतं.

पाचवी चौसष्टाव्या दिवशी आली. जागा तीच, पण खोल. चौतीस तास झाले, ती होती. चाळीस झाले, होती. पन्नासाव्या तासाला मी सासूबाईंना म्हणाले, "गेली आई."

असं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दाबून चोळतील त्या दुखण्याची भीती होती, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की गाठ आहे असं म्हटलं तर दवाखान्यात जावं लागेल, आणि तिथे कुणीतरी कागदावर काहीतरी लिहून देईल. मी ती स्वतःच मोजू लागले. न्हाणीघरात कडी लावून शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी धरायची. तीन. संध्याकाळी पुन्हा तीन. काख चाचपायची. काखेत काहीतरी लागायचं, मग उजव्या काखेतही तसंच लागतं का ते बघायची, आणि पुन्हा डावीकडे. आधीच्या गाठी दाबल्या की दुखायच्या. ही कमी दुखत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. आईचीही दुखत नव्हती.

बाळाला पाजताना डोक्यात बेरजा चालायच्या. कळल्यापासून आई चौदा महिने जगली. म्हणजे माझी धाकटी सोळा महिन्यांची असेल. सोळा महिन्यांच्या मुलाला काहीही आठवत नाही. थोरलीची बारावी झालेली असेल. हा हिशेब मी दिवसातून किती वेळा केला त्याची नोंद नाही. बाळ पिता पिता थांबून माझ्याकडे बघायचं आणि मी भिंतीकडे बघायची.

चौथ्या दिवशी दुपारी थोरली कॉलेजातून आली. सासूबाई मागच्या अंगणात मेथी निवडत होत्या. थोरलीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि लंगोट किती झाले ते लिहायला वही उघडली. पानं उलटता उलटता मागच्या पानावर थांबली.

"आई, पाचवीपुढं तास काऊन नाई लिहिले?"

"राहिले असतील."

"तुझे राहत नसतात."

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिनं बाळाला खाली ठेवलं.

"आहे का अजून?"

मी मान डोलावली.

"किती तास झाले?"

"एक्क्याण्णव."

ती विज्ञानाची विद्यार्थिनी, पण त्या क्षणी तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. आजी कशानं गेली ते तिला माहीत होतं. ती दहावीत असताना मीच सांगितलं होतं, अकरा महिन्यांसकट. ती म्हणाली, "मग तूपण तेच करून राह्यली का?"

मी रागावले. म्हणाले, "मला चार दिवस झालेत, अकरा महिने नाही."

"सुरुवात चारच दिवसांनी होत असंल ना," ती म्हणाली आणि मागच्या दारात जाऊन हाक मारली, "आजी, आईची गाठ गेली नाई. खोटं सांगून राह्यली तुले."

सासूबाई मेथीचे हात तसेच घेऊन आत आल्या. मला वाटलं रागावतील. त्या माझ्या बाजूला बसल्या. मग म्हणाल्या, "मले काऊन नाई सांगतलं? मी काय मारते का तुले?" आणि त्यांनीच माझ्या नवऱ्याला फोन लावला, "हापिसातून निंघ. आत्ताच."

दवाखान्यातल्या बाई डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. मी वही सोबत नेली होती. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, पडद्यावर एक काळा गोल दाखवला आणि म्हणाल्या, "दूध साचलेलं दिसतंय. बहुतेक दुधाचीच गाठ आहे."

मी म्हणाले, "माझी आईपण हेच म्हणायची."

त्या थांबल्या. आईला काय झालं होतं, कितव्या वर्षी, ते विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. 'बहुतेक'वर तुम्हाला घरी नको पाठवायला. सुई घालून आतलं काढू आणि तपासायला पाठवू."

नवऱ्यानं माझा हात धरला होता. सुईत घट्ट, पिवळसर पांढरं दूध आलं. डॉक्टरांनी नळी माझ्यासमोर धरली. पडद्यावरचा गोल जवळजवळ बसला. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते.

मग त्यांनी वही वाचली. पंपाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी सांगितलं?" मी विहिरीची गोष्ट सांगितली. सासूबाई मागे स्टुलावर बसल्या होत्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, उपसलं की झरा मोकळा होतो, खरं आहे. पण विहिरीला झरे वाढत नाहीत, इथे वाढतात. जेवढं काढाल तेवढं शरीर जास्त तयार करतं. ओलित किती एकराचं करायचं आहे तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "एकच लेकरू हाय."

"मग एवढा उपसा कशाला?"

पंप एकदम बंद करायचा नाही, दर तीन दिवसांनी एकेक वेळ कमी करायची. फणी, चोळणं बंद. बाळ मागेल तसं पाजायचं आणि दुखलं तर थंड फडकं ठेवायचं. ताप आला, लाली पसरली किंवा गाठ दोन दिवसांत कमी झाली नाही, तर लगेच यायचं. मी हे सगळं उतरवून घेतलं. महिनाभराहून जास्त मीच माझ्या गाठी वाढवत होते, तेही नोंदी ठेवून. सहाशेदहाच्या आकड्याकडे मला बघवेना.

ते तीन दिवस कसे गेले ते मी लिहिणार नाही, कारण त्यात काही घडलं नाही. सगळे जेवले, झोपले. थोरली रोज शेजारी बसून अभ्यास करायची, आधी ती तिच्या खोलीत करायची. सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात वाईट काही नव्हतं. नवऱ्यानं तो दोनदा मोठ्यानं वाचला, मग मी स्वतः वाचला, मग डॉक्टरांना फोन करून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. पुढे दरवर्षी या. आईचा इतिहास आहे, तो काही जाणार नाही."

तो जाणार नाही, हे खरंच आहे. रिपोर्टनं भीती संपेल असं मला वाटलं होतं. ती संपली नाही.

पंप पाचवरून दोनवर आला होता तेव्हा, सत्त्याहत्तराव्या दिवशी, सकाळी आंघोळ करताना सहावी लागली. थोडी वर, हरभऱ्याएवढी. मी नळ बंद केला. अंग पुसायला घेतलं आणि लक्षात आलं की मी पट्टी शोधते आहे. टॉवेल गुंडाळून बाहेर आले. नवरा आरशासमोर दाढी करत होता.

"आली आहे," मी म्हणाले.

त्याचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच होता.

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं."

त्यानं वस्तरा खाली ठेवला, स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं आणि आपल्या आईला, थोरलीला हाक मारली.