भिकाजीभाऊंचा खादाड मीटर

भिकाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हात धुवायचंही सुचलं नाही. "आत्या, बाबा सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच गेले," एवढंच त्यांची मुलगी संघमित्रा म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. माझं रडून झालंय, आता सांगायचं आहे. भिकाजी कांबळे हा माणूस काय चीज होता हे आमच्या कारखान्यातल्या दहा-बारा जणांनाच ठाऊक होतं, आणि त्यांच्यातली आता मी एकटी उरले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. चिंचपोकळीला एका गाळ्यात आमचा कारखाना होता. लाँचींवर बसवायचे वायरलेस सेट तिथे तयार व्हायचे. मी वरळीच्या कोळीवाड्यातली, एकोणीस वर्षांची. तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. वडील दर्यावर गेले ते परत आले नव्हते, त्यामुळे आईची मासळीची पाटी आणि माझी नोकरी एवढ्यावर घर उभं होतं. भिकाजीभाऊ डिलाईल रोडच्या चाळीतले, नुकतीच धम्मदीक्षा घेतलेले, बोलायला मोठे खमके. तयार सेट शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. सेटमधून एरियलकडे किती ताकद जाते ते मोजायला त्यांनी स्वतः नुकताच एक मीटर बनवला होता. भंगारातून आणलेला डायोड, एक रेझिस्टर आणि सुईची तबकडी, झालं. मीटर एरियलच्या तारेला जोडायचा, बटणं फिरवत सुई जास्तीत जास्त वर चढवायची, मग मीटर काढून घ्यायचा आणि सेटच्या चिठ्ठीवर ऐटीत सही ठोकायची. "सुई खोटं बोलत नाय," हे त्यांचं पालुपद. आम्ही बायका म्हणायचो, भाऊ, मग त्या सुईशीच लगीन लावा.

आणि एक दिवस एका लाँचीचा तांडेल तणतणत आला. नव्या खेपेतल्या पहिल्याच सेटचा आवाज बंदराबाहेर पोचत नव्हता, वर आतला काचेचा व्हॉल्व्ह तापून लाल होत होता. मालकांनी कारखान्यातला तसलाच दुसरा सेट उघडला, माझ्या कॉइलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरींच्या हातात नाजूक काम दिलं की असंच व्हायचं. परवापासून कॉइलवर दुसरं माणूस बघतो." दुसऱ्या दिवशी हरताळ होता म्हणून परवा, एवढाच काय तो माझा अवधी. आईला काय सांगायचं, याशिवाय डोक्यात दुसरं काही येईना.

भाऊ मात्र तोच सेट टेबलावर घेऊन बसले. माझ्या कॉइलचे वेढे त्यांनी दोनदा मोजले. मग एरियलच्या तारेत टॉर्चचा छोटा बल्ब घातला आणि मीटर लावून सेट जुळवला. बल्ब लख्ख पेटला. मीटर काढला, तर बल्ब मंद. पुन्हा लावला, पुन्हा लख्ख. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रागानं मी बोलून गेले, "भाऊ, तुमचा हा मीटर चाखतोय की जेवतोय?"

भाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "जेवतोय, हिरे! पोटभर जेवतोय!"

नंतर त्यांनी मला समजावलं ते अजून पाठ आहे. सेट जेवढं देतो तेवढं एरियलनं घ्यायला हवं, दोघांची जोडी जमायला हवी. जमली नाही तर ताकद माघारी फिरते आणि व्हॉल्व्ह तापतो. भाऊंचा मीटर मोजता मोजता स्वतःच बरीच ताकद ओढत होता, त्यामुळे सेटची जोडी जमायची ती एरियल आणि मीटर या दोघांशी मिळून. मीटर काढला की जोडी मोडायची. "तुजी कॉइल शंभर नंबरी हाय. चूक माजी," ते म्हणाले. मग त्यांनी डायोडच्या आधी एक इवलासा कंडेन्सर घातला, म्हणजे मीटरच्या वाट्याला चिमूटभरच ताकद येणार. आता मीटर लावा नाहीतर काढा, बल्बचा उजेड बदलेना.

पण सही केलेला सेट लाँचीवर होता आणि लाँच हरताळाच्याच दिवशी दुपारी सुटणार होती. त्या दिवशी ट्राम नाही, बस नाही. भाऊ मीटर पिशवीत घालून निघाले, मीही हट्टानं बरोबर गेले. काळाचौकीला मोर्चा लागला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" भाऊंनी चालता चालता खणखणीत आवाजात साथ दिली. पुढे एका हवालदारानं पिशवी उघडायला लावली. तारा बघून तो दचकलाच. "बॉम नाय साहेब, मीटर हाय. घाबरू नका, आता तो कमी खातो," भाऊ म्हणाले. मला हसू आवरेना. भाऊचा धक्का येईपर्यंत ते मला डायोड म्हणजे काय ते शिकवत होते.

लाँचीवर त्यांनी सेट पुन्हा जुळवला आणि मीटर काढून तांडेलाच्या हातात माइक दिला. पलीकडून किनाऱ्यावरच्या स्टेशनचं उत्तर आलं, स्वच्छ. त्यानंतर भाऊ सरळ मालकांच्या घरी गेले आणि चूक कबूल केली. मालकांनी अर्धा तास आगपाखड केली, पण कामावर आम्ही दोघंही राहिलो. मी पुढे तिथे एकवीस वर्षं काढली. माझ्या भावंडांची शिक्षणं, लग्नं, सगळं त्या नोकरीवर झालं. भाऊंना त्या दिवशी कसली धास्ती वाटली असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात संघमित्रानं मला बोलावलं. भाऊंच्या ट्रंकेत, दीक्षेच्या वेळच्या पांढऱ्या सदऱ्याखाली, एक घडी घातलेला कागद निघाला. हरताळाच्या दिवशी सकाळी मालकांना लिहिलेला. "सेट नापास झाला तो माझ्या मीटरमुळे. आज तो सुधारता आला नाही तर हाच माझा राजीनामा समजावा. हिराबाईंच्या कॉइल बरोबर आहेत. त्यांना कामावरून काढू नये."

हा कागद खिशात ठेवून भाऊ माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत चालले होते, आणि सबंध वाट मला हसवत होते.