निळ्या काठाचा कप

काल माळा आवरताना निळ्या काठाचा इनॅमलचा कप सापडला आणि पार्ल्याच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. तेव्हा मी सातवीत होते. आरोग्यशास्त्राची परीक्षा होती, म्हणून पायरीवर बसून मोठ्याने घोकत होते, "क्षयरोग. रोग्याची भांडी वेगळी ठेवावीत, उकळून घ्यावीत." समोर अंगणातल्या चुलीवर आई काकांचा हाच कप उकळत होती. मी घोकता घोकता गप्प झाले.

"थांबलीस का गं?" ओटीवर खाट टाकून पडलेले काका म्हणाले. "पुढचा मुद्दा राहिला ना. रोग्याने मुलांना जवळ घेऊ नये."

पूर्वी रोज माझा हात धरून फिरायला नेणारे काका वर्षभर मला जवळ येऊ देत नव्हते. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय.