नारिंगी फळ्या

प्लास्टिक जळल्याचा वास आला की मला नदीपात्रात रुतलेली दादाची जीप आठवते. गाडी रुतली की चाकांखाली टाकायच्या प्लास्टिकच्या दातेरी फळ्या त्याने नुकत्याच घेतल्या होत्या. दुकानदाराने जाड, काळ्या फळ्या पुढे केल्या, पण दादाला जीपला शोभतील अशा नारिंगीच हव्या होत्या. "चिखलाला रंग कळत नाही, साहेब," दुकानदार म्हणाला. दादा चिडून नारिंगीच घेऊन आला. त्या दिवशी माझ्या लग्नासाठी लाकडी पाट खरेदी करून आम्ही नदीपात्रात लावलेल्या जीपपाशी परतलो, तर ती चिखलात रुतलेली आणि भोंग्यावर पुकारा चाललेला, "धरणातून पाणी सोडलंय, गाड्या काढा!" दादाने चाकांखाली फळ्या सरकवून ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, फळ्यांचे दाते वितळून धूर निघाला. पाणी मागच्या चाकांना लागलं. "उतर, जाऊ दे जीप!" मी ओरडले. तो हलेना. मग मीच दोन नवे पाट ओढून चाकांखाली कोंबले. "आता हळू घे, दादा!" जीप कण्हत वर आली. भाऊबीजेला मी त्याला अजून त्यातल्याच एका पाटावर बसवते, टायरचे वळ उमटलेली बाजू वर ठेवून. ओवाळून घेताना तो दरवर्षी म्हणतो, "रंग मात्र छान होता."