शेऱ्याचा रकाना

पीएच.डी. झाली नसती तर मी तासांवर शिकवणारी म्हणूनच राहिले असते. कॉलेजचं पत्र स्पष्ट होतं: दिवाळीपर्यंत पदवी, नाहीतर जागा दुसऱ्याला. विद्यापीठाची मुदतवाढ माझी एकदा घेऊन झाली होती. ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

विषय सरळ होता. परळीच्या वीजकेंद्रातली राख सिमेंटच्या जागी किती घालता येते हे काँक्रीटचे क्यूब फोडून बघायचं. त्या आकड्यांवर कॉम्प्युटरला शिकवायचं, म्हणजे पुढे क्यूब न फोडताच तो ताकद सांगेल. राखेचं प्रमाण मी महिन्यामहिन्याने वाढवत नेलं आणि अर्ध्याहून जास्त राखेचे सगळे क्यूब एप्रिल-मेमध्ये आले. क्रम मीच ठरवला होता. जन्म अंबाजोगाईत काढून उन्हाळा हिशेबात धरला नाही.

क्यूब अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. राख जास्त असेल तर पाणी जास्तच लागतं. एप्रिलमध्ये टँकर चार दिवसांआड येऊ लागला आणि प्रयोगशाळेचा हौद मुलींच्या वसतिगृहासाठी उपसला गेला. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? प्रयोगशाळेतले चाचा वीस वर्षं हेच काम करत आलेले. त्यांनी क्यूब ओल्या गोणपाटात गुंडाळले. दुपारपर्यंत गोणपाट खडखडीत वाळायचं.

"मॅडम, वहीत लिव्हून ठिवा," ते म्हणाले. "उद्या कुनी इचारलं तर?"

मी लिहिलं. प्रत्येक क्यूबसमोर शेऱ्याच्या रकान्यात: हौद रिकामा, गोणपाट.

वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवून मी छत्रपती संभाजीनगरला माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी स्क्रीनवर सगळे रकाने बघितले आणि शेऱ्याचा रकाना निवडून पुसला.

"कॉम्प्युटरला गोणपाट कळत नाही, मॅडम."

कळलं असतं. हौदाला एक, गोणपाटाला शून्य, एवढंच करायचं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. पण मग परीक्षकाला दिसलं असतं की एक तृतीयांश क्यूब नियमाप्रमाणे भिजलेच नाहीत. ते पुन्हा ओतायचे, भिजवायचे, फोडायचे आणि प्रबंध नव्याने लिहायचा तर आणखी एक वर्ष लागणार, आणि माझ्याकडे दिवाळीपर्यंतचाच वेळ होता.  चहा घेतला आणि एसटी पकडली.

दिलेल्या माहितीतून जे शिकायचं तेच कॉम्प्युटर शिकला: राख अर्ध्याहून जास्त झाली की काँक्रीटची ताकद कोसळते. आलेख देखणा होता. तोंडी परीक्षेत कॉम्प्युटरच्या गणिताबद्दल तासभर विचारलं, पाण्याबद्दल कुणी विचारलं नाही. चाचा पाहुण्यांचा चहा घेऊन आले तेव्हा पडद्यावर तोच आलेख होता. ट्रे ठेवून ते क्षणभर उभे राहिले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी खोऱ्याने वाळू ओढता ओढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "राख वाईट न्हवती, मॅडम. पानी न्हवतं."

मी पदवी घेतली. शोधनिबंध एका संशोधन नियतकालिकात छापून आला. वर्षभराने सिरसाळ्याहून एक माणूस आला. राखेचे ब्लॉक बनवायचा, शाळेच्या संरक्षक भिंतीसाठी त्याचे ब्लॉक घ्यायचं ठरलं होतं. तिथल्या इंजिनिअरने ते नाकारले आणि कारण म्हणून माझा निबंध जोडला होता, आलेखाखाली लाल रेघ ओढून.

मी त्याचे ब्लॉक तपासले. चांगले निघाले. अहवाल लिहून दिला. आठ दिवसांनी तो माणूस परत आला. इंजिनिअर म्हणाला होता, एका तपासणीने संशोधन खोटं ठरत नाही.

"ताई, दोन्ही कागद तुमचेच," तो म्हणाला. "मी कोन्चा खरा धरू?"

मी सांगून टाकलं. उन्हाळा, हौद, गोणपाट, पुसलेला रकाना.  शेवटी तो म्हणाला, "मग हे तवाच लिव्हायचं व्हतं की. आता तरी लिव्हून द्या."

छापणाऱ्यांना पाठवायचं दुरुस्तीचं पत्र मी त्याच आठवड्यात तयार केलं. मार्गदर्शकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नोकरीत कायम झाल्याचा आदेश आला नाही ना अजून? एवढी घाई कशाला?

आदेश यायला सात महिने लागले. तो हातात पडला त्याच दिवशी मी पत्र पाठवलं. दुरुस्तीची नोंद रीतसर छापून आली, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. ती दाखवायला मी सिरसाळ्याला गेले. त्याच्या ब्लॉकच्या शेडमध्ये कांदा भरलेला होता. ब्लॉकचं मशीन त्याने लातूरकडच्या कुणाला तरी विकलं होतं. त्याने कागद नीट वाचला, घडी घालून मला परत दिला आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं.